पद्मिनीचा एसी पंप तपासायला हजार रुपयांचं व्हॅक्यूम गेज: घ्यावं का, कसं वापरावं

प्रीमियर पद्मिनी गाडी चढावर दम टाकते, तिसऱ्या गिअरला धक्के खाते आणि सपाटीला आली की पुन्हा नीट चालते. अशी गाडी गॅरेजला गेली की पहिला पाना कार्बोरेटरला लागतो. जेट निघतात, फुंकले जातात, परत बसतात. या खटाटोपात फ्लोटची पातळी हलते, आयडल बिघडतं आणि मूळ दोष टाकीपाशी किंवा एसी पंपाच्या (टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणाऱ्या यांत्रिक पंपाच्या) पोटात तसाच राहतो. हे टाळणारं हत्यार महाग नाही. बाजारात ‘व्हॅक्यूम अँड फ्युएल पंप टेस्टर’ या नावाने ते मिळतं, किंमत हजार रुपयांच्या आसपास. प्लॅस्टिकच्या पेटीत तळहाताएवढी डायल, एक रबरी नळी, एक टी (तीन तोंडांची जोडणी) आणि तीन-चार जोडण्या असतात. वेगवेगळ्या नावांनी विकला जाणारा माल बहुतेक एकाच घडणीचा असतो, त्यामुळे हे परीक्षण एका छापाचं नसून या प्रकारच्या गेजचं आहे.

निकाल आधीच सांगतो. पेटीतून काढलं तसं वापरलं तर पाचपैकी तीन गुण. नळी आणि क्लिपा बदलल्या आणि शून्य तपासून घेतलं तर साडेचार. फियाट ११०० डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी, अँबॅसेडर, हेराल्ड, जीप, म्हणजे यांत्रिक पंप आणि कार्बोरेटर असलेली कुठलीही गाडी जपणाऱ्याकडे हे असायलाच हवं.

घेताना एक चूक सर्रास होते. इंजेक्शनच्या गाड्यांसाठी ० ते १४० पीएसआयचं (पीएसआय म्हणजे चौरस इंचाला पौंड, दाबाचं माप) गेज मिळतं, ते जास्त चकचकीत असतं आणि पेटीत जोडण्याही ढीगभर येतात. आपल्या कामाला ते निरुपयोगी आहे. या गाड्यांचा एसी पंप २ ते साडेतीन पीएसआय देतो, आणि १४० च्या डायलवर काटा तेवढ्याने जेमतेम हलतो. डायलवर प्रेशर ० ते १० पर्यंत (फार तर १५) आणि दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम (ओढ) ० ते ३० इंच पाऱ्याचे, असंच गेज मागा. व्हॅक्यूमची बाजू नसलेलं स्वस्त गेज घेऊ नका. या हत्याराची खरी किंमत त्याच बाजूत आहे.

त्याचं कारण पंपाच्या रचनेत आहे. (एसी हा पंपांचा जुना ब्रँड. गॅरेजमध्ये सगळ्याच यांत्रिक पंपांना ते नाव चिकटलं. वातानुकूलनाशी त्याचा संबंध नाही.) कॅमशाफ्टवरचा उंचवटा लिव्हर दाबतो, लिव्हर डायफ्रॅम खाली खेचतो आणि टाकीतून पेट्रोल ओढलं जातं. लिव्हरचं काम इथे संपतं. पेट्रोल पुढे कार्बोरेटरकडे ढकलते ती डायफ्रॅमखालची स्प्रिंग. म्हणजे ओढ लिव्हरची आणि दाब स्प्रिंगचा. गेजने दोन्ही वेगवेगळे मोजता येतात, म्हणून पंप न उघडता आतलं बरंच कळतं. ओढ चांगली आणि दाब कमी असेल तर स्प्रिंग थकली आहे. दोन्ही कमी असतील तर डायफ्रॅम, व्हॉल्व्ह किंवा लिव्हरची झीज. पंपाच्या बुडाशी कुणी जाड गॅस्केट किंवा एकाऐवजी दोन गॅस्केट घातली असतील तरी लिव्हरचा फेरा कमी पडतो आणि हेच लक्षण दिसतं. दाब पाच-सहाच्या पुढे गेला तर आत दुसऱ्या गाडीची स्प्रिंग आहे, आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो त्याचा दोष बिचाऱ्या निडलवर (फ्लोट चेंबर भरला की पेट्रोल अडवणाऱ्या सुईवर) जातो.

पेटीतला माल

डायल वाचायला सोपी आहे, धातूचं कव्हर ठीकठाक, मागची पितळी जोडणीही बरी. तक्रार नळीची आहे. काही पेट्यांत पारदर्शक पीव्हीसीची नळी येते. पेट्रोल तिच्यातला मऊपणा काढून घेतं. चार-सहा वापरांत ती पिवळी आणि कडक होते, मग टोकाशी चिरते. काळी रबरी नळी आली तरी ती कुठल्या रबराची आहे याचा छाप क्वचितच असतो. २०२५ पर्यंत बहुतेक पेट्रोल पंपांवर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आलं आहे. इथेनॉलने साधं जुनं रबर फुगतं, सैल पडतं, नंतर तडकतं. गेजची नळी तर गरम इंजिनाजवळ, दाबाखाली, उघड्यावर असते. तिथे काटकसर नको. ‘एसएई जे३० आर९’ छापलेली, ६ मिमी आतल्या व्यासाची नळी दीड-दोन मीटर आणा. पंपाची जोडणी मोठी असेल तर ८ मिमीचाही एक तुकडा असू द्या. पेटीतल्या क्लिपा पत्र्याच्या चिमट्यांसारख्या असतात, त्या बाजूला ठेवून स्क्रूच्या छोट्या क्लिपा घ्या. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअरपार्ट बाजारात या दोन्ही वस्तू मिळतात.

प्लॅस्टिकची टी पहिल्याच दिवशी काढून पितळेची लावा.

शून्य आणि अचूकता घरी तपासता येते, आणि ही पायरी टाळू नये, कारण ३ पीएसआय मोजताना अर्ध्या पीएसआयचा फरक फार मोठा असतो. हार्डवेअरच्या दुकानातून तीन मीटर पारदर्शक नळी आणा. एक टोक गेजला लावा, नळीचा यू करून टांगा, उघड्या टोकातून पाणी भरा आणि ते टोक वर उचला. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत ७० सेंमी फरक म्हणजे १ पीएसआय, १४१ सेंमी म्हणजे २, २११ सेंमी म्हणजे ३. उघडं टोक खाली नेलं की व्हॅक्यूमही तपासता येतो: ६९ सेंमी फरकाला २ इंच दिसले पाहिजेत. पाणी गेजमध्ये शिरू देऊ नका, मध्ये हवेचा फूटभर तरी तुकडा राहू द्या. काटा ठरावीक अंतराने चुकत असेल तर आकडा कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला चिकटवा. काटा मध्येच अडकत असेल तर गेज परत करा.

आधी इग्निशन

गेज लावण्याआधी दोष पेट्रोलचाच आहे ना, ते बघा. गाडी बंद पडल्या पडल्या एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि थ्रॉटल हाताने झटका देऊन उघडा. ऍक्सिलरेटर पंपाच्या नळीतून बारीक धार आली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे आणि शोध इग्निशनच्या कॉईल, पॉइंट, कंडेन्सरकडे वळवा. गरम झाल्यावर दगा देणारा कंडेन्सर व्हेपर लॉकची (उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन वाट अडण्याची) हुबेहूब नक्कल करतो: गाडी तापते, बंद पडते, वीस मिनिटांनी चालू होते. फरक बंद पडण्याच्या पद्धतीत आहे. पेट्रोल कमी पडलेली गाडी आधी ओढ सोडते, धक्के खाते, चोक थोडा ओढला की क्षणभर सावरते. इग्निशन गेलं की दिवा विझावा तशी एकदम बंद पडते.

प्रेशरची बाजू

काम मोकळ्या जागी करा, इंजिन थंड असताना सुरू करा आणि पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. सेल मारून बघायचं असेल तेव्हा कॉईलची मधली वायर काढून बॉडीला टेकवून ठेवा, म्हणजे उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी उडणार नाही.

पंप आणि कार्बोरेटर यांच्या मधल्या नळीत टी लावा, गेज कार्बोरेटरच्या उंचीवर धरा आणि गाडी आयडलला चालू ठेवा. काटा थरथरतो, ते साहजिक आहे, कारण पंप ठोके देत ढकलतो. मधला आकडा वाचा. थरथर फार असेल तर गेजकडची नळी हलकी वाकवली की काटा शांत होतो. मात्र काटा प्रत्येक ठोक्याला शून्यापर्यंत पडत असेल तर पंपाचा बाहेरचा व्हॉल्व्ह बसत नाही.

नंतर इंजिन बंद करा आणि काट्याकडे बघत राहा. निरोगी व्यवस्थेत दाब काही मिनिटं हळूहळू उतरतो. झटक्यात पडला तर गळती पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये आहे की फ्लोटच्या निडलमध्ये, हे ठरवायला टी काढून गेज थेट पंपाच्या तोंडाला लावा. फ्लोट चेंबरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी आयडलला मिनिटभर चालते, तेवढं वाचनाला पुरतं. कार्बोरेटर असा वेगळा केल्यावर दाब टिकला तर निडल गळते. तरीही पडला तर पंपच. तोंड बंद असताना यांत्रिक पंपाला इजा होत नाही, डायफ्रॅम खाली थांबतो आणि लिव्हर मोकळी हलत राहते. रात्रभर उभी गाडी सकाळी दहा-दहा सेकंदांचे चार सेल खाल्ल्यावरच सुरू होते, त्याचा उलगडा बहुधा या एका चाचणीत होतो.

दाब बरोबर असला तरी प्रमाण बरोबर असेलच असं नाही. चोंदलेल्या नळीतही आयडलला ३ पीएसआय दिसतात, कारण आयडलला इंजिन पितंच किती? म्हणून मापही घ्या. हिशोब सोपा आहे. ताशी ८० किमी वेग आणि लिटरला १२ किमी ऍव्हरेज धरलं तर तासाला पावणेसात लिटर, म्हणजे मिनिटाला ११० मिली. घाटात थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर १०८९ सीसीचं इंजिन त्याच्या दुप्पट पितं असं धरा. कार्बोरेटरकडची नळी सोडवून तिला लांब नळी जोडा, बंपरच्या पुढे जमिनीवर ठेवलेल्या स्टीलच्या मापात सोडा आणि आयडलला ३० सेकंद मोजा. २५० मिली आलं तर पंप आणि मागची सगळी वाट मोकळी आहे. १०० मिलीच्या आत आलं तर गाडी घाटात का मरते ते कळलं. धारेत बुडबुडे दिसले तर पंप कुठून तरी एअर घेतोय. हा शोध गेजच्या दुसऱ्या बाजूने लागतो.

व्हॅक्यूमची बाजू

गेज पंपात पेट्रोल जिथून आत येतं त्या तोंडाला थेट लावा, टाकीकडची नळी बोल्टने बुजवा. आयडलला ८ ते १० इंच ओढ दिसली पाहिजे आणि इंजिन बंद केल्यावर ती लगेच सुटता कामा नये. ७ च्या खाली असेल तर पंप काढावा लागेल. चांगली असेल तर पंपाला हात न लावता नळी पुन्हा जोडा आणि गेज टाकीच्या तोंडाशी, नळीच्या दुसऱ्या टोकाला न्या. पंपाशी ९ आणि टाकीशी ४ दिसले तर मधली गळती शोधा. बहुतेक वेळा ती धातूच्या नळीत नसून दोन बोटं लांबीच्या जुन्या रबरी तुकड्यात किंवा सैल क्लिपखाली सापडते. अशा जागेतून पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. म्हणून नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

सर्वांत मोलाची चाचणी मात्र चालत्या गाडीची. पंपाच्या आधी टी लावा, सगळं जोडलेलं ठेवा आणि इंजिनाचे फेरे वाढवा. मोकळ्या वाटेला एखाद-दुसरा इंच ओढ दिसते. पाच इंचांच्या वर गेली तर पंपाला पेट्रोल ओढायला जोर लागतोय: फिल्टर, दबलेली नळी किंवा टाकीतली जाळी. आता टाकीचं झाकण उघडा. आकडा लगेच उतरला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. दहा-पंधरा किलोमीटरवर बंद पडणाऱ्या आणि थोडं थांबल्यावर चालणाऱ्या किती तरी गाड्यांचं दुखणं एवढंच असतं, त्यासाठी कार्बोरेटर तीनदा खोलला जातो. आकडा उतरला नाही तर मधला फिल्टर काढून बघा, मग टाकीकडची नळी. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या टाकीत गंज आणि जुन्या पेट्रोलचा चिकट थर असतो. ई-२० भरलं की तो थर सुटतो आणि जाळीवर येऊन बसतो. म्हणूनच नीट केलेली गाडी पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये पुन्हा पेट्रोलला अडते, तेव्हा आधी फिल्टर बदला.

पारदर्शक फिल्टर अर्धा रिकामा दिसला म्हणून घाबरू नये, ते नेहमीचंच आहे.

उष्णता

मे महिन्यात खंबाटकीच्या चढावर गाडी मेली की एसी पंपावर ओलं फडकं टाकायची आपली जुनी रीत आहे. निदान म्हणूनही ती उपयोगी आहे, मात्र लगेच केली पाहिजे. गाडी थांबल्यावर मिनिटाच्या आत फक्त पंपावर आणि जवळच्या नळीवर गार पाणी टाका. तेवढ्याने सुरू झाली तर पेट्रोल उकळत होतं. पंधरा मिनिटांनी सुरू झाली तर काहीच सिद्ध होत नाही, तेवढ्या वेळात कंडेन्सरही गार होतो. घाटातलं वाचन हवंच असेल तर लांब नळी बॉनेटच्या कडेतून बाहेर काढून डायल समोरच्या काचेवर बाहेरून पक्की बांधतात आणि शेजारचा माणूस आकडा वाचतो. पेट्रोल भरलेलं गेज गाडीच्या आत कधीही आणू नका. व्हेपर लॉकमध्ये काटा आधी भरकटतो, मग दाब हळूहळू गळतो. उपाय साधे आहेत: नळी सायलेन्सरच्या पाईपापासून दूर नेणं, पंपाखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर असेल तर तो जागेवर ठेवणं, रेडिएटर स्वच्छ ठेवणं. इथेही स्पेसरवर आणखी जाडी चढवू नका, लिव्हरचा फेरा कमी होतो.

इलेक्ट्रिक पंपाचा मोह

या सगळ्याला कंटाळून बरेच जण १२ व्होल्टचा छोटा चौकोनी इलेक्ट्रिक पंप बसवतात. त्यावर ४ ते ७ पीएसआय लिहिलेलं असतं. सोलेक्स कार्बोरेटरची निडल एवढा दाब रोखत नाही, म्हणून मध्ये रेग्युलेटर लागतो, आणि रेग्युलेटरवरच्या आकड्यांवर विसंबू नये. गेज लावूनच तो अडीच-तीनवर आणा. पंप टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला बसवा, तो ढकलायला चांगला आणि ओढायला कमजोर असतो. अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप चालू राहू नये म्हणून ऑईल प्रेशर स्विचमधून वायर घ्या. सगळ्यांत धोक्याचं म्हणजे जुना एसी पंप तसाच ओळीत ठेवून मागून इलेक्ट्रिक पंप जोडणं. डायफ्रॅम फाटलेला असेल तर इलेक्ट्रिक पंप पेट्रोल थेट ऑईलमध्ये ढकलतो. डिपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसलं, पातळ वाटलं, पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालवू नका. ऑईल बदलल्याशिवाय सेलही मारू नका, बेअरिंग जातात.

गेजला न कळणाऱ्या गोष्टी

निडलच्या पुढचं गेजला दिसत नाही. मेन जेटमधला कचरा, भोक पडून बुडालेला फ्लोट, कार्बोरेटरच्या बुडाशी एअर घेणारं गॅस्केट, हे हातानेच शोधावं लागतं. फरक एवढाच की आता ते खात्रीने शोधता येतं, कारण कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचतंय हे ठरलेलं असतं. ई-२० मुळे मिश्रण पातळ होतं, तेही गेज सांगत नाही. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. जुना जेट तोच राहिला तर गाडीला पेट्रोल कमी पडल्यासारखं वाटतं आणि पंपावर नाहक संशय जातो. दाब, प्रमाण आणि ओढ तिन्ही बरोबर असतील तर जेटचा नंबर आणि प्लगचा रंग बघा.

वापर झाला की गेज तोंड खाली करून निथळू द्या आणि हलकी फुंकर मारून नळी पेटीबाहेर वाळवा. हवेचा कॉम्प्रेसर लावू नका, १० पीएसआयचं गेज पहिल्याच झटक्यात निकामी होतं.

गेजने पंप दोषी ठरवला आणि किट आणायला निघालात तर जुना पंप सोबत न्या. सगळ्यांना चालतं म्हणून विकल्या जाणाऱ्या किटमध्ये डायफ्रॅमच्या दांड्याची लांबी आणि स्प्रिंग वेगळी निघते. डायफ्रॅम ई-२० ला टिकणाऱ्या रबराचा आहे का ते विचारा. काळ्या कापडी रबराचा जुना साठा दिसायला नवा असला तरी घेऊ नका. पंप बसवताना डायफ्रॅमचे स्क्रू आधी सैल ठेवून लिव्हर पूर्ण दाबून धरा आणि मग समोरासमोरचे आवळा, नाहीतर डायफ्रॅम ताणलेला राहून लवकर फाटतो. बसवून झाल्यावर गेज पुन्हा लावा. ४ पीएसआयच्या वर गेलं तर नवी स्प्रिंग काढून जुनी घाला. त्यासाठी पंपाचं काम पुरतं होईपर्यंत जुनी स्प्रिंग फेकायची नाही.